मृतांचे नाव, देवाचे नाव

उज्जैन शहराच्या उत्तरेला भैरवगडाजवळ शिप्रेच्या काठावर सिद्धवट उभा आहे. प्रयागचा अक्षयवट, वृंदावनचा वंशीवट, गयेचा वट यांच्या पंक्तीत या झाडाला मान आहे. पार्वतीने ते लावले अशी श्रद्धा आहे. मोगल काळात झाड तोडून त्यावर लोखंडी तवे ठोकले, तरी तवे भेदून पालवी फुटली, ही आख्यायिका आजही तिथले पुरोहित सांगतात. संतती, संपत्ती आणि सद्गती अशा तीन सिद्धी इथे मागितल्या जातात. पहिल्या दोन जिवंत माणूस स्वतःसाठी मागतो. तिसरी मात्र तो मेलेल्यासाठी मागतो, आणि घाटावर सर्वांत जास्त गर्दी तिच्यासाठीच असते.

जिवंत माणसाने केलेले कर्म मृताला पोहोचते का, हा धर्मविचारातील फार जुना प्रश्न आहे. सिद्धवटाच्या घाटावर त्याचे उत्तर वादाने नव्हे, विधीने दिले जाते. कर्ता पंचा नेसून दक्षिणेकडे तोंड करून बसतो. अनामिकेत दर्भाचे पवित्रक, जानवे उजव्या खांद्यावर, समोर पळसाच्या पत्रावळीवर सातूच्या पिठाचे किंवा भाताचे पिंड, काळे तीळ, मध, तूप. भटजी आधी गोत्र विचारतात, मग नावे: वडील, आजोबा, पणजोबा. पहिला वसुरूप, दुसरा रुद्ररूप, तिसरा आदित्यरूप. प्रत्येक नावाचा उच्चार झाला की अंगठा आणि तर्जनी यांमधून तिळाचे पाणी सोडायचे. नाव आठवले नाही की कर्ता थबकतो, मोबाइल काढून गावी काकांना फोन लावतो. पणजोबांचे नाव कळेपर्यंत भटजींचा हातही थांबलेला असतो.

ही थबक महत्त्वाची आहे. अन्न, तीळ, पाणी हे सगळे समोर असते, पण ते कोणाला हे सांगणारे नाव नसेल तर विधी पुढे सरकत नाही. मत्स्यपुराणाने या प्रश्नाला थेट हात घातला आहे. माणूस मेला, त्याला कर्मानुसार नवा जन्म मिळाला, तो आता कुठे देव असेल, कुठे पशू असेल. मग इथे ठेवलेला पिंड त्याच्यापर्यंत जाईल कसा? पुराणाचे उत्तर असे की पितरांचे नाव आणि गोत्र, मंत्र आणि देणाऱ्याची श्रद्धा हीच पोहोचवणारी वाहने आहेत. पितर देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत होऊन मिळते, पशू झाला असेल तर गवत होऊन.

चार्वाकांना हे मान्य नव्हते. सर्वदर्शनसंग्रहात त्यांचा आक्षेप नोंदलेला आहे: इथे जेवू घातल्याने मेलेला तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून देण्याची गरजच काय, त्याच्या नावाने घरी कोणालातरी जेवू घातले की झाले. हा युक्तिवाद तर्काच्या पातळीवर आजही खोडता येत नाही. तरीही श्राद्ध टिकले, याचे कारण तर्काबाहेर शोधावे लागते. शिदोरी प्रवाशाच्या पोटासाठी असते. पिंड देणाऱ्याला त्याखेरीज आणखी एक गोष्ट हवी असते: मेलेला माणूस आपला आहे हे मोठ्याने सांगण्याची जागा. अवंतीच्या, म्हणजे उज्जैनच्या, परंपरेने ती जागा शहरभर पेरून ठेवली आहे.

अयोध्या, मथुरा, हरिद्वार, काशी, कांची आणि द्वारका यांच्यासोबत अवंतिका ही सात मोक्षपुऱ्यांपैकी एक. महाकालेश्वराचे ज्योतिर्लिंग दक्षिणाभिमुख आहे, आणि दक्षिण ही यमाची दिशा. पहाटेच्या भस्मारतीत महानिर्वाणी आखाड्याचे महंत लिंगाला भस्म लावतात. पूर्वी हे भस्म चितेचे असे, असे परंपरा सांगते. आता ते गोवऱ्यांचे असते. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात चौऱ्याऐंशी लिंगांचे माहात्म्य येते, आणि उज्जैनमधील चौऱ्याऐंशी महादेवांच्या दर्शनाचा संबंध चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्याशी लावला जातो. चक्रतीर्थाची स्मशानभूमी शिप्रेच्या काठावर, वस्तीला लागूनच आहे. मरणाला गावाबाहेर ढकलण्याचा प्रयत्न या शहराने कधी केलेला नाही.

परलोकातून कोणाला परत आणता येते का, याचीही एक कथा इथलीच आहे. सांदीपनी ऋषींच्या आश्रमात कृष्ण आणि बलराम शिकले. शिक्षण संपल्यावर त्यांनी गुरुदक्षिणा विचारली, तेव्हा गुरूंनी प्रभासाच्या समुद्रात बुडालेला आपला मुलगा मागितला. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही कथा आहे. कृष्णाने समुद्रात शिरून पंचजन दैत्याला मारले. मुलगा तिथे सापडला नाही, शंख सापडला. तो शंख घेऊन कृष्ण यमाच्या संयमनी नगरीत गेला, दारात शंख फुंकला आणि मुलाला घेऊन परतला. आश्रमाजवळचे अंकपात आणि तिथून जवळच असलेला गयाकोठा ही दोन्ही ठिकाणे याच परंपरेशी जोडलेली आहेत. गयाकोठ्यावर केलेले पिंडदान गयेइतकेच फलदायी मानतात. देवाने एका मुलाला परत आणले. सामान्य माणसाला तेवढे जमत नाही, म्हणून तो पिंड देतो.

मराठी माणसाचा या शहराशी संबंध केवळ यात्रेकरूचा नाही. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात राणोजी शिंद्यांनी उज्जैन आपले ठाणे केले, आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभे केले. तेराव्या शतकात अल्तमशाने ते पाडल्यानंतर पाचशे वर्षे त्या जागी नीट मंदिर नव्हते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण माळव्यात स्थिरावलेली मराठी घराणी इथेच राहिली. त्यांच्या घरी पितृपंधरवडा भाद्रपद वद्यात येतो, शेजारच्या माळवी घरात तोच पंधरवडा आश्विन कृष्ण पक्षात येतो. महिन्याचे नाव निराळे, तिथी तीच, आणि सर्वपित्री अमावास्येला दोन्ही घरांतले लोक एकाच घाटावर असतात.

घाटावर तीर्थपुरोहितांच्या वह्या असतात. लांबट, जाड, लाल कापडात बांधलेल्या. गाव, जात आणि आडनाव सांगितले की पुरोहित नेमकी वही काढतो आणि चार पिढ्यांपूर्वी कोण आले होते, कोणाचे पिंड दिले, सोबत कोण होते हे वाचून दाखवतो. यजमान स्वतःच्या हाताने नवी नोंद करतो, मुलांची नावे लिहितो, सही करतो. वारसाहक्काच्या खटल्यांत तीर्थपुरोहितांच्या वह्या भारतीय न्यायालयांनी पुरावा म्हणून विचारात घेतल्या आहेत. मोडीत लिहिलेली पणजोबांची ओळ समोर आली की वाचता न येणारा पणतूही त्यावरून बोट फिरवतो. हा दस्तऐवज कोणा सरकारने ठेवलेला नाही. मेलेल्यांना नावाने हाक मारण्याच्या गरजेतून तो तयार झाला आहे.

याच गरजेतून जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक प्रचंड दप्तर उभे राहिले. अमेरिकेतील यूटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत जगभरच्या वंशावळींच्या मायक्रोफिल्मची सुमारे चोवीस लाख रिळे जपून ठेवली आहेत. ती ठेवणारी संस्था म्हणजे द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, बोलीभाषेत मॉर्मन चर्च. १८९४ मध्ये त्यांनी वंशावळ-संस्था स्थापन केली आणि १९३८ पासून मायक्रोफिल्मचे काम हाती घेतले. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारसारख्या उत्तर भारतीय तीर्थांवरील पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली. पंड्याला आणि मॉर्मन अभिलेखपालाला एकमेकांचा धर्म ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोघांच्या समोर कागद मात्र एकच होता.

मॉर्मन पंथ जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापला. महाराष्ट्रात तो फार लवकर पोहोचला होता. ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात राहून त्याने काम केले. त्याला मिळालेले अनुयायी बहुतेक युरोपियन होते. १८५५ मध्ये त्याने मुंबईत हिंदुस्थानातील मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. तिचा विषय खरा आणि जिवंत देव हा होता. वर्षभरात हे प्रचारक निघून गेले आणि मराठी मुलखात त्यांचा माग उरला नाही. पण देव खरा कोणता आणि मेल्यावर माणसाचे काय होते, हे प्रश्न घेऊन ते पेशवाई संपून जेमतेम एक पिढी लोटलेल्या पुण्यात आले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मॉर्मन मतानुसार माणसाचा आत्मा जन्मापूर्वीही होता. तो स्वर्गस्थ पित्याचे अपत्य होता, आणि देह मिळावा, परीक्षा व्हावी म्हणून पृथ्वीवर आला. मृत्यूनंतर आत्मा आत्मलोकात जातो. तिथे सत्शील आत्म्यांना विश्रांती मिळते. ज्यांनी सुवार्ता ऐकली नाही किंवा नाकारली ते जणू कैदेत असतात, पण ती कैद कायमची नसते. तिथेही उपदेश होतो. शेवटी पुनरुत्थान होते, देह आणि आत्मा पुन्हा एकत्र येतात, आणि न्यायनिवाड्यानंतर बहुतेक सर्वांना तीन वैभवांपैकी एक मिळते. फेब्रुवारी १८३२ मध्ये ओहायो राज्यातील हायरम गावी स्मिथ आणि सिडनी रिग्डन यांना झालेल्या दर्शनात या तीन लोकांचे वर्णन आले. सर्वोच्च लोक सूर्यासारखा तेजस्वी, दुसरा चंद्रासारखा, तिसरा ताऱ्यांसारखा. अगदी मोजक्या आत्म्यांच्या वाट्याला बाहेरचा अंधार येतो. स्वर्ग आणि अनंत नरक अशी दोनच दारे असलेल्या तत्कालीन अमेरिकन प्रवचनांच्या तुलनेत ही कल्पना फार उदार होती. त्यामुळे स्मिथच्या काही अनुयायांनाच ती सुरुवातीला पचली नाही.

या उदारपणामागे घरचे दुःख होते. स्मिथचा थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये, पंथ स्थापन होण्यापूर्वी, बाप्तिस्मा न घेता मेला. १८३६ मध्ये स्मिथला तो सर्वोच्च लोकात दिसला, आणि बाप्तिस्मा न झालेला माणूस तिथे कसा पोहोचला या प्रश्नातून पुढचा सगळा विचार उलगडला. ऑगस्ट १८४० मध्ये नॉवू गावी एका अंत्यविधीच्या प्रवचनात स्मिथने मृतांसाठी बाप्तिस्मा घेता येतो असे जाहीर केले. करिंथकरांस पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात अशा बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख आहे. इतर बहुतेक ख्रिस्ती पंथांनी त्यावरून विधी उभारला नाही, मॉर्मनांनी उभारला.

हा विधी फक्त त्यांच्या मंदिरात होतो. पाण्याचा मोठा कुंड बारा बैलांच्या पाठीवर उभा असतो. हे बैल इस्राएलच्या बारा वंशांचे प्रतीक. कुंड बहुधा जमिनीच्या पातळीखाली, थडग्यासारख्या खोलात ठेवतात. पांढरे कपडे घातलेली तरुण मुलेमुली एकामागून एक पाण्यात उतरतात. मृताचे नाव वाचले जाते, त्याच्या वतीने प्रतिनिधीला पूर्ण बुडवून वर काढले जाते, आणि पुढचे नाव येते. नंतर दुसऱ्या विधींनी पतिपत्नींना आणि आईबापांना मुलांशी अनंतकाळासाठी जोडले जाते. १९१८ मध्ये पंथाचा तत्कालीन अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ याला झालेल्या दर्शनात मृतांमधील उपदेशाची व्यवस्था अधिक स्पष्ट झाली.

सिद्धवटावरचा पिंड आणि यूटामधला हा बाप्तिस्मा यांच्यात दिसणारे साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे मृत माणूस दुसऱ्याच्या हाताने काही मिळवू शकतो. दोन्हीकडे तो दुसरा परका नसून नात्यातला असावा अशी अपेक्षा आहे. आणि दोन्हीकडे नाव चुकले तर विधीही चुकतो. पण ज्या ठिकाणी ते वेगळे होतात तिथेच दोन्हींचा खरा विचार दिसतो.

पहिला भेद मृताच्या मर्जीचा. मॉर्मन मतात प्रतिनिधीने बाप्तिस्मा घेतला तरी मृत आत्मा तो स्वीकारायला बांधील नसतो. त्याला नाकारण्याचे स्वातंत्र्य आत्मलोकातही असते. विधी दार उघडतो, आत ढकलत नाही. श्राद्धात मर्जीचा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे मृत हा भुकेला आणि वाट पाहणारा मानलेला आहे. प्रेताला पितर व्हायचे असते, म्हणून बाराव्या दिवशी सपिंडीकरणात त्याचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळतात. दहाव्याला कावळा शिवला नाही तर घरातले लोक अस्वस्थ होतात, राहिलेली इच्छा आठवू लागतात, ‘मी बघतो तुझ्या मुलीकडे’ असे वचन देतात. मृताची मर्जी इथेही आहे, पण ती होकार-नकाराची नसून आठवणीची आहे.

दुसरा भेद कुटुंबाचा. मॉर्मन परलोकाचे शिखर म्हणजे अखंड कुटुंब: नवरा, बायको, मुले, पिढ्यांमागून पिढ्या, देहासकट, ओळखीसकट. सर्वोच्च लोकात पोहोचलेले जोडपे पुढेही वाढत राहते. उज्जैनच्या परंपरेत पितृलोक हा मुक्काम आहे, शेवट नाही. पितर तीन पिढ्या नावाने राहतात, चौथ्या पिढीला ते सामान्य पितरांत विलीन होतात, पुढे पुनर्जन्म असतो आणि सर्वांच्या पलीकडे मोक्ष. मोक्षात वडील-मुलगा हे नातेही गळून पडते. भर्तृहरीची गुहा याच शिप्रेच्या काठी आहे, आणि संसारातून उठून गेलेल्या त्या राजाला हे शहर तितकाच मान देते. एकाच घाटावर पिंड देऊन नाते घट्ट करणारा मुलगा आणि नाते सोडायला निघालेला गोसावी शेजारी बसतात. ही विसंगती हिंदू परंपरेने मिटवली नाही. दोघांनाही जागा दिली. मॉर्मन विचार या बाबतीत अधिक सुसंगत आहे आणि तितकाच अधिक बंदिस्तही.

तिसरी गोष्ट परक्यांची. श्राद्ध केवळ स्वतःच्या वंशापुरते आहे असे अनेकांना वाटते, पण पितृपंधरवड्यातल्या महालय श्राद्धात तसे नसते. पितृत्रयी, मातृत्रयी, आईकडचे आजोबा-पणजोबा यांच्यानंतर काका, आत्या, मावशी, सासरे, गुरू, मित्र अशी लांबलचक यादी येते. त्यानंतर धर्मपिंड देतात तो ज्यांना कोणी नाही अशांसाठी. एकनाथांच्या घरच्या श्राद्धाची कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न त्यांनी दारात आलेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढले, पैठणच्या ब्रह्मवृंदाने बहिष्कार टाकला, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. शास्त्राच्या चौकटीत राहूनही पितरांची तृप्ती कशात असते हे नाथांनी दाखवले, आणि वारकरी परंपरेने ती कथा विसरू दिली नाही.

मृतांच्या नावाबाबत दोन्ही परंपरा एवढ्या जवळ येतात. देवाच्या नावाबाबत मात्र त्यांचे वागणे वेगळे आहे. मॉर्मन धर्मग्रंथात याजकत्वाच्या उच्च पदाचे मूळ नाव देवपुत्राच्या नावाशी जोडलेले होते असे म्हटले आहे. परमेश्वराच्या नावाचा वारंवार उच्चार होऊ नये, या आदरापोटी प्राचीन काळच्या मंडळीने ते नाव टाळून मल्कीसदेक या महायाजकाचे नाव त्या पदाला दिले. एवढी सावधगिरी नावाच्या बाबतीत बाळगली आहे. दहा आज्ञांतील तिसरी आज्ञा, देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, इथे रोजच्या कारभारापर्यंत उतरली. त्याच वेळी बाप्तिस्मा घेणारा प्रत्येक जण ख्रिस्ताचे नाव स्वतःवर धारण करतो, आणि दर रविवारी प्रभुभोजनाच्या प्रार्थनेत त्या धारणेची आठवण पुन्हा करून दिली जाते. देवाचे नाव कमी उच्चारायचे, पण माणसाने ते सतत वागवायचे. १९१६ मध्ये पंथाच्या प्रमुखांनी काढलेल्या निवेदनात पित्याला एलोहीम आणि पुत्राला यहोवा अशी नावे निश्चित केली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव न वापरता पंथाचे पूर्ण नाव घ्यावे असे आवाहन केले, कारण टोपणनावात ख्रिस्ताचे नाव नाही.

उज्जैनमध्ये सकाळी चहाच्या टपरीवर, रिक्षाच्या काचेवर, फोन उचलताना, सगळीकडे ‘जय महाकाल’ ऐकू येते. इथे उच्चार वाढवण्याला पुण्य आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामीळ या विचाराचे टोक आहे. आयुष्यभर पाप केलेल्या माणसाने मरताना घाबरून धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते म्हणून विष्णुदूतांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवले. अनवधानाने घेतलेले नावही तारते, असे हे सांगणे. महाराष्ट्रातील वारकऱ्यांचा नामपाठ याच विश्वासावर उभा आहे.

यावरून इथे नावाची शिस्तच नाही असे कोणी मानले तर ते चूक ठरेल. पद्मपुराणात नामापराधांची यादी आहे, आणि नावाच्या जोरावर पाप करीत राहणे हा त्यांतला गंभीर अपराध मानला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपाची उतरंड दिली आहे: विधियज्ञापेक्षा जप दहापट श्रेष्ठ, ओठ हलतील पण ऐकू येणार नाही असा उपांशू जप शंभरपट आणि मनातल्या मनातला हजारपट. गुरूने कानात दिलेला मंत्र शिष्य बायकोलाही सांगत नाही. म्हणजे उज्जैनच्या बाजारात मोठ्याने घेतले जाणारे नाव आणि मनात जपले जाणारे नाव अशा दोन पातळ्या आहेत. मॉर्मन परंपरेने मोठ्याने घेण्याची पातळी आवरती ठेवली. हिंदू परंपरेने ती मोकळी सोडली आणि आदर खालच्या, न ऐकू येणाऱ्या पातळीवर नेऊन ठेवला. नाव बाजारात स्वस्त झाले तर काय, ही भीती दोघांनाही आहे. उपाय वेगळे आहेत.

मृतांच्या नावाच्या बाबतीत हीच भीती गेल्या काही दशकांत मॉर्मन पंथात खरी ठरली. नाझी छळात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे बाप्तिस्म्याच्या यादीत शिरली, तेव्हा ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये याबाबत करार झाला. २०१२ मध्ये महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या आल्या आणि भारतातही नाराजी उमटली. आता गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या मृताच्या नावे विधी करायचा तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी घ्यावी लागते. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे रास्त होते. मृताला नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे पुरेसे नाही. ज्यांच्याजवळ त्या नावाची आठवण आहे त्या जिवंत माणसांचाही त्यावर हक्क आहे. पंड्याच्या वहीत हा हक्क आपोआप सांभाळला जातो, कारण नोंद करणारा घरचाच असतो.

वहीत मात्र एक मोठी उणीव आहे. जुन्या नोंदी मुख्यतः पुरुषांच्या आहेत: अमुकचा मुलगा तमुक, त्याचे भाऊ, त्यांचे मुलगे. स्त्रिया कुठे ‘सहकुटुंब’ या शब्दात मावतात, कुठे मुळीच नसतात. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात, तरी घराघरांत पणजीचे नाव कोणालाच ठाऊक नसल्याचे दिसते. मराठी घरांत त्याचे एक खास कारण आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि मुलीचे माहेरचे नाव त्या दिवशी मागे पडे. पुढे सासरचे नाव तरी कोणी घेत नसे. ती कोणाची आई, कोणाची काकू, कोणाची वहिनी म्हणून आयुष्य काढी. मॉर्मन वंशावळीत स्त्रीची नोंद तिच्या जन्माच्या आडनावाने होते, त्यामुळे आईकडची शाखाही वडिलांकडच्या शाखेइतकीच मागे जाते. एवढी एक रीत त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, आणि तिला शास्त्राचा अडसर नाही, कारण मातृत्रयी आणि मातामहत्रयी शास्त्रानेच सांगितली आहे.

सिद्धवटाला किंवा कुठल्याही तीर्थावर पिंडदानाला निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून आजी आणि पणजी यांची माहेरची व सासरची, दोन्ही नावे विचारून घ्यावीत; आईच्या आईची, तिच्या आईचीही. कागदावर लिहून न्यावीत, विधीत भटजींना द्यावीत, आणि पुरोहिताने वही पुढे केली की पुरुषांच्या नावांशेजारी तीही स्वतःच्या हाताने लिहावीत.